जमिनीखालचा निस्तार
(स्मृतिव्याख्यानमालेत सावली, जि. चंद्रपूर, येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय कार्यालयीन वाटेल असा आहे. बोअर मारायला परवाना लागावा का, आणि लागायचा असेल तर तो कोणी द्यावा? स्मृतिव्याख्यानात असे विषय सहसा घेत नाहीत. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते ग्रामसभेत पंचायतीचा जमाखर्च मोठ्याने वाचायला लावत. त्यांच्या नावाने बोलताना हिशेबाचा विषय वर्ज्य नसावा. शिवाय ही सावली आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन इथे भरले आणि गांधीजी त्यासाठी इथे येऊन राहिले. इथल्या खादीच्या कामाने त्या काळात या गावाचे नाव लांबवर पोचले होते. गावाने आपले साधन आपल्या हातात ठेवावे, ही गोष्ट इथे नव्याने पटवून द्यायला नको.

तुमच्या मनात पहिला प्रश्न येईल की हे आम्हाला कशाला सांगता? मराठवाड्यात जा, वरुड-मोर्शीला जा. तिथल्या संत्र्याच्या पट्ट्यात बोअर शेकडो फूट खाली गेले, ‘ड्राय झोन’ हा शब्द तिथे पोराबाळांच्या तोंडी आहे. आपल्याकडे पाऊस सव्वा हजार मिलिमीटरच्या आसपास. पूर्वेला वैनगंगा, तालुक्यात आसोला-मेंढ्याचा इंग्रजांच्या काळचा तलाव, त्यात आता गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याचे पाणी. शिवाय गावोगावी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आणि धानाच्या बांधी-बांधीला लागून लहान बोड्या. अतिशोषित पाणलोटांच्या यादीत आपले नाव नाही. मग परवान्याची कटकट कशाला?

उत्तर आपल्या पायाखालच्या दगडात आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला कोळशाचा वालुकाश्म आहे, त्याच्याही पलीकडे काळा पत्थर. सावली, मूल, सिंदेवाही या बाजूला मात्र फार जुना, कठीण, पट्टे-पट्टे असलेला नाइस आणि ग्रॅनाइट आहे. त्या दगडाला अंगची छिद्रे नाहीत. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या थरात, ज्याला आपण मुरूम किंवा कच्चा दगड म्हणतो, आणि त्याखाली कुठे भेग असेल तर तिच्यात. नदीकाठची गाळाची पट्टी सोडली तर सगळीकडे हीच स्थिती. शंभर घनमीटर मुरूम पाण्याने पूर्ण भरला, तरी उपसताना त्यातून दीड ते तीन घनमीटरच पाणी हाती येते. बाकीचे दगडालाच चिकटून राहते. पाऊस कितीही पडो, साठवायची कोठीच लहान. ती भरली की उरलेले पाणी नाल्याने वैनगंगेला जाते.

आता हिशेब मांडू. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत यापेक्षा अवघड गणिते सोडवली आहेत.

शंभर हेक्टर शिवारात भूजलाची पातळी एक मीटर खाली गेली, असे धरा. म्हणजे दहा लाख घनमीटर दगड रिकामा झाला. त्यातून शेकडा दोनप्रमाणे पाणी निघाले वीस हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर. दुसरीकडे हजार वस्तीचे गाव घ्या. जल जीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर. वर्षाचे झाले दोन कोटी लिटर. आणि तिसरीकडे उन्हाळी धान घ्या. हंगामभर बांधीत मिळून एक मीटर पाणी लागते, असे कमीत कमी धरले, तरी एका एकराला चाळीस लाख लिटर होतात. पाच एकरांचे झाले दोन कोटी.

म्हणजे हजार माणसांचे वर्षाचे पिण्याचे पाणी, पाच एकर उन्हाळी धान, आणि शंभर हेक्टर शिवारातली एक मीटर पातळी, या तिन्ही गोष्टी एकाच मापाच्या. बांधीत सोडलेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा जमिनीत मुरतो, हे मला ठाऊक आहे. तो वजा करून पाचाच्या जागी दहा एकर म्हणा. तरीही एका गावात उन्हाळी धान दहा एकरच असतो काय?

उन्हाळी धान लावणाऱ्याला मी दोष देत नाही. खरिपातला धान कीड-रोगात आणि अवकाळीत गेला की हातात पैसा येतो तो त्याच पिकातून. पण उपशाचा खर्च हल्ली जवळजवळ संपला आहे, हे लक्षात घ्या. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आली. त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आला. दोन्ही योजनांनी कास्तकाराच्या डोक्यावरचे ओझे उतरवले आणि त्या यायलाच हव्या होत्या. पण पूर्वी विजेचे बिल आणि डिझेलचा भाव हे नकळत उपशाला लगाम घालत होते, तो लगाम आता सुटला. सौर पंप सूर्य उगवला की सुरू होतो. बांध भरून पाणी नाल्यात गेले तरी बंद करायला कोणी उठत नाही. पूर्वीचा लगाम पैशाचा होता. त्याच्या जागी आता नियमच येऊ शकतो, आणि तो पातळी हातात असतानाच केला पाहिजे. पातळी गेल्यावर केलेला नियम हा भांडणाचा निवाडा असतो.

नियम आहेत का? आहेत, आणि बरेच आहेत. त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो.

मुळाशी १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. आपल्या जमिनीखालचे, ठरलेल्या प्रवाहात न वाहणारे पाणी आपल्या हद्दीत गोळा करायचा हक्क त्याने जमीनमालकाला मान्य केला. तेव्हा पाणी मोटेने निघत होते, बैलजोडी थकली की उपसा थांबे, त्यामुळे हा हक्क कोणाला बोचला नाही. पुढे सबमर्सिबल पंप आला. हक्क तोच राहिला, हात मात्र शेजाऱ्याच्या जमिनीखाली पोचला. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या मजुराचा या पाण्यावर हक्क किती, याचे उत्तर त्या कायद्यात शून्य आहे.

महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यापुरता कायदा केला. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, हे त्याचे सूत्र. रोजगार हमीतून सिंचन विहीर घेतलेल्यांना हा ५०० मीटरचा नियम ठाऊक आहे, कारण तिथे अनुदान अडते. स्वतःच्या पैशाने बोअर मारणाऱ्याला तो फारसा आठवत नाही. त्यानंतर २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम आला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात यायला २०१४ उजाडले. नियमांचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला तो २०१८ मध्ये. या कायद्यात चांगल्या गोष्टी पुष्कळ आहेत. विहिरींची नोंदणी, बोअरच्या गाड्यांची नोंदणी, पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती, उपलब्ध पाण्यावरून पिकांचा आराखडा. अधिसूचित क्षेत्रात शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई. राज्य भूजल प्राधिकरणाचे काम मुंबईच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे दिले आहे.

उद्योग आणि खाणींसाठी आणखी एक दार आहे, दिल्लीचे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उद्योगाला, मोठ्या बांधकामाला, खाणीला ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, मीटर बसवावा लागतो, शुल्क भरावे लागते. दिवसाला दहा घनमीटरपर्यंत पाणी घेणाऱ्या लहान उद्योगांना सूट आहे. शेतीला मात्र पूर्ण सूट आहे.

या सुटीकडे जरा थांबून बघू. सेकंदाला तीन लिटर देणारा पंप आठ तास चालला, तर ८६ घनमीटर पाणी काढतो. भातगिरणी दिवसाला अकरा घनमीटर काढू लागली तर तिने दिल्लीला अर्ज करायचा. शेजारच्या वावरातला पंप तिच्या आठपट पाणी काढेल, त्याची साधी नोंदही कुठे नाही. देशात भूजलाचा सर्वांत मोठा वापर शेतीचा, आणि परवान्याच्या चौकटीबाहेर आहे तीही शेतीच. यामागचे राजकारण समजण्यासारखे आहे. कोट्यवधी विहिरींना दिल्लीतून परवाने देणे शक्यच नाही. ते दिल्लीला जमणार नाही, मुंबईला जमणार नाही आणि तहसीललाही जमणार नाही.

न जमण्याचे कारण बोअरची गाडी लागलेली पाहिली की कळते. एप्रिल महिना, रात्रीचे दहा. पाणाड्याने दुपारी नारळ तळहातावर धरून जागा दाखवलेली असते. तिथे दोन गाड्या येऊन उभ्या राहतात, एक खोदणारी आणि एक दाब देणारी. बहुतेकदा पाटी तामिळनाडूची असते. एजंट स्थानिक, तो मोबाईलवर फुटाचा दर ठरवतो. मुरुमात केसिंग उतरते, मग दगड लागतो आणि पांढरी धूळ उडायला लागते. दीडशे फुटांवर ओल दिसते, घरातल्या बाया कुंकू घेऊन उभ्या असतात. मालक म्हणतो, अजून पन्नास जाऊ द्या. दोनशे फूट म्हणजे साठ मीटर. अधिसूचित क्षेत्रासाठी कायद्याची रेघ तिथे आहे, पण तिथे उभ्या असलेल्या कोणालाही ती माहीत नसते. गाडी अडीचशेवर जाते, तीनशेवर जाते. पहाटे गाडी पुढच्या गावाला निघून जाते. किती फुटांवर काय लागले, हे एजंटच्या वहीत राहते आणि पुढच्या हंगामात ती वहीही सापडत नाही. यात तहसीलदार कुठे शिरणार? आणि बंदीचा कागद आलाच, तर रात्रीच्या कामाचा दर तेवढा वाढतो.

खोल जाण्यात आणखी एक धोका आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले की आधी मुलांच्या दातांवर डाग दिसतात आणि पुढे हाडे धरतात. कठीण दगडाच्या भेगांत पाणी जितके जुने, तितकी त्यात दगडातली द्रव्ये उतरायची शक्यता जास्त. त्यामुळे खोल बोअर करून पाणी लागले म्हणजे ते पिण्याजोगे लागले, असे धरून चालू नये.

जिल्ह्याच्या पश्चिमेला प्रश्नाचे दुसरे टोक दिसते. खुल्या खाणीत पाणी उपसल्याशिवाय कोळसा निघत नाही. खाण जसजशी खोल जाते, तसतसे भोवतालचे पाणी तिच्याकडे उतरते. त्या उपशाला परवाना लागतो, निरीक्षण विहिरी बसवाव्या लागतात, अहवाल द्यावे लागतात. पण ते अहवाल वर जातात. ज्या गावाची विहीर आटली, त्या गावच्या चावडीवर ते मराठीत कधी वाचले जात नाहीत. म्हणजे परवाना आहे, मोजमापही आहे, पण भोगणाऱ्याच्या हाती त्यातले काही नाही.

तेव्हा प्रश्न परवाना हवा की नको असा नाहीच. परवान्याचे पुस्तक कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात कोणी द्यायचे असेल तर ते चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांनी, कारण परवाना काय असतो हे आपल्याइतके कोणाला ठाऊक नाही. लाकूड, बांबू, तेंदूपाने, मोहफूल, सगळ्यांसाठी पास आणि त्यासाठी नाक्यावरचा हेलपाटा आपल्या दोन पिढ्यांनी भोगला आहे.

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्क मिळूनही बांबू गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. त्यासाठी गावाने झगडा दिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गाव परवाना देऊ लागले म्हणून जंगल संपेल, अशी भीती तेव्हा पुष्कळांनी घातली होती. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने उलटेच दाखवले. त्या ग्रामसभेने बांबू विकला, पण तेंदूपाने तोडायचे आपणहून थांबवले, कारण त्या हंगामात झाडे छाटली जातात आणि आगी लागतात. हातात येणारा पैसा सोडण्याचा तो निर्णय कोणत्याही खात्याने लादलेला नव्हता. वर्षभर त्याच जंगलात फिरणाऱ्यांना नुकसान डोळ्यांनी दिसत होते, म्हणून तो घेता आला.

जंगल दिसते, पाणी दिसत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच आधी मोजणी हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कर्मचारी ठरलेल्या निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा येतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. विहिरीच्या काठावरच्या एका ठरलेल्या खुणेपासून फीत सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वाचायचा आणि काठाची उंची वजा करून लिहायचा. यात दहावी पास मुलीला न जमण्यासारखे काही नाही. मी हे काम वर्षानुवर्षे केले आहे, आणि एक खंत कायम राहिली. आकडा मी डायरीत लिहून नेत होतो आणि विहिरीचा मालक बाजूला उभा राहून विचारत होता, ‘काय निघालं, साहेब?’ त्याला उत्तर मिळे, पण ते गावात कुठे लिहिले जात नसे.

आता कॅलेंडर काढून पाहा. आपल्याकडे ग्रामसभा भरतात २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला. मोजणीच्या चार महिन्यांपैकी तीन महिने ग्रामसभेचेच आहेत. दोन ऑक्टोबरला पाणी किती भरले ते कळते, सव्वीस जानेवारीला किती उरले ते दिसते, एक मेला काय गमावले ते समजते. उन्हाळी धानाचा निर्णय ऑक्टोबर ते जानेवारीच्या मध्ये होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पाऊस कमी झाला तर कोणते पीक घ्यायचे नाही हे गावाने ठरवायचे, आणि सिंचनासाठी बोअर घ्यायचीच नाही. तिथे पाऊस आपल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पडतो.

आपल्याकडे याला आणखी एक आधार आहे, तो त्यांच्याकडे नाही. तो म्हणजे निस्तार, गावाची सामाईक साधने वापरायचा रिवाजी हक्क. मालगुजारी गेली १९५१ साली आणि तलाव सरकारजमा झाले. पण गावकऱ्यांचे हक्क निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिले गेले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या कायद्यात, त्यांना आजही जागा आहे. गुरे कुठे चरतील, सरपण कुठून आणायचे, खाजगी तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला कोणत्या रिवाजाने जायचे, मासे कोणी धरायचे, हे सगळे त्यात आहे. तुमच्या तलाठी कार्यालयातल्या जुन्या बस्त्यात ही पाने असतील. ती एकदा काढून वाचा. तलावाचे पाणी खालच्या बांधीला पोचल्याशिवाय वरच्याने दुसरा फेर घ्यायचा नाही, अशा रीतींवर पूर्व विदर्भातले धान पिढ्यान् पिढ्या पिकले. त्या वेळी जमिनीखालचे पाणी कोणी लिहिले नाही, कारण ते काढताच येत नव्हते. आज ते काढता येते. मग आजच्या निस्तारात ते यायला नको का?

माझे म्हणणे एवढेच आहे. जमिनीखालचे पाणी गावाच्या निस्तारात लिहा, आणि नव्या बोअरचा पहिला परवाना ग्रामसभेचा असू द्या.

प्रत्यक्षात काय करायचे ते सांगतो. प्रत्येक गावाने दोन विहिरी निवडाव्यात, एक तलावाच्या खाली आणि एक चढावर, आणि त्यांची पातळी पंचायतीच्या भिंतीवर रंगवावी. गावातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर एका वहीत लिहाव्यात. ई-पीक पाहणी करताना सिंचनाचे साधन आपण मोबाईलवर भरतोच, त्यामुळे ही यादी अर्धी तयारच आहे. गाडी लावण्याआधी मालकाने पंचायतीत कळवावे, आणि गाडीवाल्याने किती फुटांवर काय लागले ते लिहून दिल्याशिवाय गाव सोडू नये. पिण्याच्या स्रोताभोवतीचे ५०० मीटर चुन्याने आखून ठेवावेत. आणि २ ऑक्टोबरच्या आकड्यावर त्या वर्षी उन्हाळी धान किती एकर, हे ठरावे. गडचिरोलीतल्या पेसा, म्हणजे आदिवासी स्वशासनाच्या कायद्याखालच्या, गावांना तर गावहद्दीतल्या लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनाचा अधिकार १९९६ च्या कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी दिलेलाच आहे. भूजल त्याला जोडायला फार लांब जावे लागणार नाही. आपल्याकडच्या बिगर-पेसा गावांनी २००९ च्या कायद्यातली पाणलोट समिती मागून घ्यावी.

दोन आक्षेप मला दिसतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की पाणी गावाची शीव मानत नाही. एका गावाने संयम पाळला आणि शेजारच्याने उपसले, तर शहाण्यालाच तोटा. हे खरे आहे, आणि म्हणून कायद्याने पाणलोट हा घटक धरला तो योग्यच आहे. पण कठीण दगडात पाणी फार लांब पळत नाही. मुरुमाच्या खोलगट तुकड्यात ते अडून राहते. दोन-तीन गावांनी एकत्र बसावे लागेल, वीस गावांनी नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्यांनी आधी बोअर मारले त्यांचे चालू राहील आणि नियम लागेल तो आज पहिल्यांदा विहीर घेऊ पाहणाऱ्या लहान कास्तकाराला. परवान्याची प्रत्येक पद्धत या खड्ड्यात पडते. म्हणून नियम विहिरीच्या संख्येला लावू नका, उपशाला आणि पिकाला लावा. ज्याच्याकडे विहीर नाही त्याचा अर्ज आधी, ज्याच्याकडे तीन आहेत त्याचा शेवटी. तीन बोअरवाल्याने उन्हाळी धानाचे एकर कमी केले तरच एकाला पहिली विहीर मिळेल, असे असेल तर ते ग्रामसभेत उघड बोलले गेले पाहिजे. तिथे आवाज चढेल. चढू द्या. तोच वाद तहसीलच्या फायलीत गेला, तर तो पैशाने मिटतो.

आपण अतिशोषित यादीत नाही, याचा उपयोग हा आहे. यादीत नाव आले की वरून बंदी येते, आणि बंदी आली की विचारायला कोणी येत नाही. आज आपल्याला विचारणारे कोणी नाही, तसेच अडवणारेही कोणी नाही. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘भूजल पातळी वाचन व उन्हाळी धानाचे क्षेत्र’ हा विषय घालायला सरपंचांना फक्त एक ओळ लिहावी लागेल. या सभागृहात बसलेल्या सरपंचांनी ती आजच लिहून घ्यावी. फीत कशी सोडायची ते शिकवायला मी येतो.